गुहागरचा वीजप्रकल्प आणि तीन अहवाल

वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते तिथे उत्तर तीरावर दापोली तालुक्यातील दाभोळ आहे, तर दक्षिण तीरावर गुहागर तालुक्यातील वेलदूर आणि अंजनवेल. देशभर गाजलेल्या वीजप्रकल्पाला नाव मिळाले दाभोळचे. जमीन मात्र गेली ती दक्षिण तीरावरची. या प्रकल्पाचा विषय निघाला की पुढारी आणि आंदोलने आठवतात. आपण पाहणार आहोत ते त्यावर लिहिले गेलेले अहवाल.

अमेरिकेतील एन्रॉन कंपनी आणि महाराष्ट्र राज्य वीज मंडळ यांच्यात २० जून १९९२ रोजी प्राथमिक सामंजस्य करार झाला. कर्जासाठी प्रस्ताव जागतिक बँकेकडे गेला आणि एप्रिल १९९३ मध्ये बँकेने तो आर्थिकदृष्ट्या समर्थनीय नसल्याचे कळवले. तिचा आक्षेप साधा होता : आयात केलेल्या द्रवरूप वायूवर रात्रंदिवस चालणारे एवढे मोठे केंद्र राज्याच्या मागणीला पेलणारे नाही, आणि त्याची वीज घ्यायची तर कोळशावरची स्वस्त वीज बंद ठेवावी लागेल. तरीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वीज खरेदी करारावर सह्या झाल्या. पुढे मंडळाच्या देयकांची राज्याने हमी दिली आणि केंद्र सरकारने प्रतिहमी, म्हणजे राज्याने न भरल्यास आपण भरू अशी हमी.

या कराराची रचना समजून घेतल्याशिवाय पुढचे काही उलगडत नाही. दराचे दोन मुख्य भाग होते, एक क्षमतेचा आकार, म्हणजे केंद्र सज्ज ठेवण्याचे शुल्क, आणि दुसरा इंधनाचा. वीजकेंद्र वीज देण्याच्या स्थितीत असले की क्षमतेचा आकार मंडळाने भरायचाच, मग वीज घेतलेली असो वा नसो. त्यामुळे मंडळ जितकी कमी वीज घेई, तितका प्रत्येक युनिटचा दर चढत जाई. त्यात आकाराचा मोठा हिस्सा डॉलरशी बांधलेला, आणि पहिला टप्पा चालणार नाफ्थ्यावर, म्हणजे खनिज तेलापासून मिळणाऱ्या इंधनावर. म्हणजे रुपया घसरला किंवा खनिज तेल महागले, तर दोन्हींचा भार मंडळावर. महालेखापालांना मंडळाचे हिशेब तपासता येत. खासगी कंपनीच्या वह्या मात्र त्यांच्या कक्षेबाहेर राहिल्या.

१९९५ मध्ये सत्तांतर झाले आणि उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. स्पर्धात्मक निविदा न मागवता वाटाघाटी झाल्या, यावर तिने नेमके बोट ठेवले. ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द झाला. पण ज्या सरकारने हा अहवाल मागवला, त्याच सरकारने सहा महिन्यांच्या आत फेरवाटाघाटी करून प्रकल्प पुन्हा स्वीकारला, आणि पूर्वी ऐच्छिक असलेला दुसरा टप्पाही पक्का करून टाकला. एकूण क्षमता ठरली २,१८४ मेगावॅट. जागतिक बँकेने विचारलेला मागणीचा प्रश्न या फेरीत बाजूलाच पडला, आणि माझ्या मते खरी हानी इथे झाली.

मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. दोन वर्षांच्या आत मंडळाला देयके झेपेनात. तेव्हा माजी केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने एप्रिल २००१ मध्ये अहवाल दिला. प्रशासनाच्या प्रत्येक पातळीवरील अपयश त्यात स्पष्ट शब्दांत नोंदलेले आहे. पण त्याहून उपयोगाचा भाग उपायांचा आहे. दर डॉलरपासून सोडवावा, कर्जाची फेररचना करावी, वायू उतरवण्याची सुविधा वीजकेंद्रापासून वेगळी काढावी, अशा त्या शिफारशी होत्या. मात्र मे महिन्यातच मंडळाने खरेदी थांबवली, केंद्र बंद पडले आणि डिसेंबरमध्ये एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली.

बंद पडलेला प्रकल्प पुन्हा चालवण्यासाठी २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सार्वजनिक कंपन्यांना पुढे करून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन झाली. देशी वायूचा पुरवठा आटल्यावर २०१३ मध्ये हे केंद्र पुन्हा थंडावले, आणि २०१५ च्या अखेरीस रेल्वेला वीज देऊ लागले. वायूचे टर्मिनल, म्हणजे जहाजांतून वायू उतरवण्याची सुविधा, तेवढे अडखळत चालले. लाटारोधक बांध अपुरा असल्याने पावसाळ्यात, म्हणजे वेलदूरच्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात त्याच दिवसांत, वायूची जहाजेही येत नसत. टर्मिनल वीजकेंद्रापासून वेगळे होऊन कोकण एलएनजी या कंपनीकडे गेले ते २०१८ मध्ये, गोडबोले समितीच्या शिफारशीनंतर सतरा वर्षांनी.