रूथचं पहिलं कार्ड कोणतं?

(दृश्य: १९१४ चं एकरंगी कार्ड, पुढची आणि मागची बाजू)

हा अमेरिकन बेसबॉलपटू बेब रूथ, वय १९. कार्डावर नाव नुसतंच 'रूथ', पुढे 'पिचर', म्हणजे चेंडू फेकणारा. 'बाल्टिमोर न्यूज' या वर्तमानपत्राने काढलेल्या या कार्डामागे ओरिओल्स संघाच्या १९१४ च्या सामन्यांच्या तारखा आहेत. त्यामुळे सालाचा वाद नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अशा एका कार्डाला ७२ लाख डॉलर मिळाले. तरीही बरेच संग्राहक याला रुकी कार्ड, म्हणजे सर्वोच्च स्तरावर आलेल्या नवख्या खेळाडूचं पहिलं कार्ड, म्हणत नाहीत, कारण ओरिओल्स तेव्हा दुय्यम स्तरावरच्या मायनर लीगमध्ये होते. रणजीतल्या धावा कसोटीच्या खात्यात धरत नाहीत, तसा हा हिशेब. रूथ मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च स्तरावर, उतरला ११ जुलै १९१४ ला, बॉस्टन रेड सॉक्स संघाकडून. रुकी कार्ड त्यानंतरचंच हवं.

(दृश्य: कार्ड क्रमांक १५१)

ते हे. आणि गंमत बघा, याच्यावर सालच नाही!

शिकागोचे फेलिक्स मेंडेलसोन अशी २०० कार्डांची मालिका छापायचे आणि मागची बाजू गिऱ्हाइकाच्या जाहिरातीला द्यायचे. कधी 'स्पोर्टिंग न्यूज' साप्ताहिक, कधी एखादं मोठं दुकान, कधी पाठ कोरीच. जवळपास सारख्या अशा दोन मालिका आहेत. त्यातली एक कित्येक वर्षं १९१५ ची समजली जायची. पण कार्डावर खेळाडूचा संघ छापलेला असतो आणि तो त्या संघात कधी आला, हे जुन्या वर्तमानपत्रांत सापडतं. असे संघबदल ताडून पाहिले, तेव्हा दोन्ही मालिका १९१६ च्या ठरल्या.

(दृश्य: जॅकी रॉबिन्सन, ब्रुकलिन डॉजर्स)

रॉबिन्सन मेजर लीगमध्ये आला १९४७ मध्ये. त्या सुमारास 'बॉन्ड ब्रेड' हा पाव विकणाऱ्या कंपनीने त्याची कार्डं काढली. पण ती जाहिरातीची, म्हणून बहुतेकांच्या लेखी रुकी कार्ड ठरलं ते लीफ कंपनीचं, च्युइंगगमबरोबर विकलं गेलेलं. लीफच्या मालिकेत १९४८ चा कॉपीराइट दिसतो. प्रत्यक्षात ती १९४९ मध्ये बाजारात आली, असं आता बहुतेक जाणकार मानतात. छापलेल्या सालावरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही तो असा.

(दृश्य: मिकी मँटलची दोन कार्डं)

एवढा काथ्याकूट झाल्यावर बाजार काय करतो? मँटलचं रुकी कार्ड १९५१ चं, बोमन कंपनीचं, यावर सगळ्यांचं एकमत आहे. पण ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं ते त्याचं टॉप्स कंपनीचं कार्ड. आकाराने मोठं, रंगांनी ठसठशीत, आणि साल १९५२.