टेकडीवर जाऊन येतो

नमस्कार श्रोतेहो.

पुण्यात सकाळी सहाला कुणी ‘टेकडीवर जाऊन येतो’ म्हणालं, तर कुठली टेकडी, असं घरात कुणी विचारत नाही. सहकारनगरकराची तळजाई, कोथरूडकराची वेगळी, ज्याची त्याची ठरलेली. माझी वेताळ टेकडी. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. शहरातली सगळ्यांत उंच जागा.

तिथल्या बहुतेक पायवाटा कुणी आखलेल्या नाहीत. गुरं गेली, त्यामागून गुराखी गेले, मग आमच्यासारखे बूट घातलेले आले, आणि वाट पडत गेली. पावसाळ्यात एखादी गवतात बुडते, दिवाळीपर्यंत शेजारी दुसरी उमटते.

अशा जागेबद्दल ‘नुसती पडून आहे’ असं म्हणतात, ते मला खटकतं. जूनचा पाऊस टेकडीवर पडला की गवतात अडतो, काळ्या पाषाणाच्या भेगांतून मुरतो आणि पायथ्याच्या विहिरी-बोअरना पाणी पुरवतो. तोच पाऊस डांबरावर पडला, तर अर्ध्या तासात कुणाच्या तरी पार्किंगमध्ये! आता सांगा, पडून कोण आहे?

१९९७ साली तेवीस गावं महापालिकेत आली. त्यांच्या हद्दीतल्या टेकड्यांवर ‘जैवविविधता उद्यान’ असं आरक्षण टाकायचं ठरलं. राज्य सरकारची मंजुरी यायला २०१५ उजाडलं. मधल्या वर्षांत काही उतारांवर घरं चढलीही. वेताळ टेकडीचा वाद वेगळा आहे, टेकडीवरून न्यायच्या बालभारती ते पौड फाटा रस्त्याचा. खालच्या रस्त्यांवरची कोंडी खोटी नाही, मीही तिच्यात रोज अडकतो. पण नवा रस्ता काही वर्षांत भरतो हे आपण पुलांच्या बाबतीत पाहिलंय, आणि फोडलेला उतार पुन्हा रचता येत नाही. २०२३च्या एप्रिलमध्ये, भर उन्हाळ्यात, लोक मोर्चानं उतरले ते यासाठीच.

आता थोडं आपल्याच माणसांविषयी. टेकडी म्हटली की आपल्याला झाडं लावायची सुरसुरी येते. पूर्वी इथे गिरीपुष्प भरमसाट लावलं गेलं. झाड मध्य अमेरिकेतलं, मार्चमध्ये फुलतं तेव्हा गोड दिसतं, पण त्याखाली आपलं गवत नीट वाढत नाही. आणि गवत हेच या टेकडीचं खरं धन. चंडोल, टिटवी जमिनीवरच अंडी घालतात. त्यांना तुमच्या खड्ड्याचा आणि रोपट्याचा काय उपयोग?

तर एकदा या. उजाडायच्या आत निघा, पाण्याची बाटली घ्या आणि ती रिकामी झाली तरी परत खाली आणा. मोबाइलवरची गाणी कृपा करून बंद ठेवा. जुन्या दगडखाणीत पाणी साठलंय, तिच्या काठाशी जरा थांबा. मोर आधी ऐकू येतो, दिसतो बऱ्याच वेळानं.