टेपने कळणारा मेंदू

मंडळी, ही टेप बघा. शिंप्याच्या गळ्यात असते तसली नाही. ती वापरून वापरून ताणते आणि चुकीचा आकडा सांगते. ही ताणत नाही. भुवयांच्या वरून, डोक्याच्या मागच्या सगळ्यात फुगीर भागावरून फिरवायची. पूर्ण दिवसांच्या बाळाचं डोकं जन्मतः साधारण 35 सेंटिमीटर, वर्षाचं होईस्तोवर 46 च्या आसपास. कवटी आपणहून वाढत नाही, आतला मेंदू तिला वाढवतो. एचआयव्ही असलेल्या आणि औषध न मिळालेल्या बाळाच्या डोक्याच्या घेराची आलेखावरची रेषा आडवी व्हायला लागली, की माझ्या पोटात गोळा येतो.

एचआयव्ही म्हटलं की आपल्याला प्रतिकारशक्ती आठवते, मेंदूची आठवण मागाहून येते. विषाणू मात्र लागणीनंतर फार लवकर तिथं पोचतो. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पहारा कडक असतो, म्हणून तो लागण झालेल्या पांढऱ्या पेशींच्या पोटात बसून आत शिरतो. आणि गंमत अशी, गंमत कसली म्हणा, की चेतापेशींना तो जवळजवळ हातच लावत नाही. तो घर करतो मायक्रोग्लियांमध्ये, म्हणजे मेंदूच्या राखणदार पेशींमध्ये. राखणदार बिथरले की त्यांची दाहक रसायनं आणि विषाणूची प्रथिनं शेजारच्या चेतापेशींचा जीव घेतात.

मोठ्या माणसाचं यात असलेलं बिघडतं. बाळाचं व्हायचंच राहून जातं: चेतातंतूंवर मायलिनचं वेष्टण चढत असतं, नवे जोड तयार होत असतात, आणि नेमकं तेव्हाच हे घडतं.

मग आई सांगते, "डॉक्टर, बसायला लागला होता हो, आता परत कलंडतो." हे वाक्य हलक्यात घेऊ नका. कमावलेलं हातचं जाणं, डोक्याची वाढ खुंटणं आणि दोन्ही बाजूंना सारखाच येणारा ताठरपणा ही या आजाराची खूण. उभं धरलं तर पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात, टाचा टेकत नाहीत. सीटी स्कॅनमध्ये मेंदू आक्रसलेला दिसतो, खोल गाभ्यात कॅल्शियमचे पांढरे ठिपके दिसतात.

निदानात एक मेख आहे. आईची प्रतिपिंडं, म्हणजे तिच्या शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेली प्रथिनं, बाळाच्या रक्तात 18 महिन्यांपर्यंत राहू शकतात, त्यामुळे प्रतिपिंडं शोधणारी नेहमीची चाचणी पॉझिटिव्ह आली तरी बाळाला लागण आहेच असं नाही. विषाणूच शोधणारी पीसीआर हवी, आणि ती पहिल्या काही आठवड्यांतच. घाई कशासाठी? दक्षिण आफ्रिकेतल्या 'चेर' अभ्यासात बाळ 12 आठवड्यांचं व्हायच्या आत औषधं सुरू केली, तर उशिरा सुरू करण्याच्या तुलनेत मृत्यू 76 टक्क्यांनी कमी झाले. 2008 साली ते छापून आलं. लवकर औषध मिळालेल्या बाळांची वाढही पुढे सरस निघाली.

औषधं चालू आहेत, रक्तात विषाणू सापडत नाही, तरी एखादं मूल शाळेत गणिताला अडतं, सांगितलेली दोन कामं एकदम लक्षात ठेवू शकत नाही. लवकर झालेलं नुकसान औषधाने पुसून निघत नाही. म्हणून माझ्याकडच्या फाइलीत विषाणूच्या आकड्याशेजारी एक रकाना डोक्याच्या घेराचा असतो, आणि पुढच्या पानावर शिक्षकांना विचारायचे चार प्रश्न.