निळ्या पडद्याचं नवं काम

बटण दाबलं, आणि दोन-तीन सेकंदांत निळा पडदा उजळला. त्यावर एक शब्द, 'रेडी', आणि खाली लुकलुकणारा चौकोन. हा कमोडोर ६४ कॉम्प्युटर. बाजारात आला १९८२ साली. मेमरी ६४ किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोही त्यात मावणार नाही.

अशा यंत्रांवर लोक जुने गेम खेळतात. जरूर खेळावेत. पण एवढ्यासाठीच त्याला जपायचं, हे मला पटत नाही. याच्या हाताला अजून काम आहे.

पोलंडमधल्या ग्दान्स्कच्या एका गॅरेजमध्ये कमोडोर ६४ ने जवळजवळ पंचवीस वर्षं गाड्यांचे ड्राइव्हशाफ्ट, म्हणजे इंजिनची ताकद चाकांकडे नेणारे दांडे, बॅलन्स केले. अमेरिकेत ग्रँड रॅपिड्सच्या १९ शाळांची हीटिंग आणि एसी यंत्रणा २०१५ मध्येही एकच अमिगा, कमोडोरचाच दुसरा कॉम्प्युटर, सांभाळत होता. एकच काम, दिवसरात्र; मागे दुसरं काही चालू नाही. १९८५ च्या अटारी एसटी या कॉम्प्युटरला मिडी पोर्ट, म्हणजे वाद्यं जोडायच्या खाचा, कारखान्यातूनच बसवलेले असत. त्याचा ताल पक्का, म्हणून काही संगीतकार अजूनही तो वापरतात. आणि कमोडोरची सिड, म्हणजे आवाज काढणारी चिप! बॉब यानेस यांनी घडवलेली, तीन सुरांची. तिचे फिल्टर अ‍ॅनालॉग, त्यामुळे दोन चिपांचा आवाजही तंतोतंत जुळत नाही. मिडी कार्ट्रिज लावलं की हा कॉम्प्युटर चक्क सिंथेसायझर होतो.

आता मागची बाजू बघा. ही उघडी पट्टी म्हणजे यूजर पोर्ट, बाहेरची उपकरणं जोडायची जागा. इथल्या आठ लाइन थेट आपल्या हुकमात. दोन लाइनना रेझिस्टर लावून एकेक एलईडी जोडलाय. अर्थात त्याआधी मल्टिमीटरने पॉवर सप्लाय तपासला, कारण जुन्या सप्लायचा रेग्युलेटर बिघडला की पाच व्होल्टचा दाब त्याहून वर चढतो आणि मेमरीच्या चिपा जळतात. हे मोजल्याशिवाय जुनं मशीन कधीच चालू करू नका.

'पोक' म्हणजे मेमरीतल्या ठरावीक पत्त्यावर आकडा ठेवायची आज्ञा. टाइप करूया: पोक ५६५७९, २५५. आठही लाइन आता 'आउटपुट' झाल्या. मग पोक ५६५७७, १. रिटर्न.

पेटला!

आकडा थेट चिपमध्ये गेला आणि तारेत वीज आली. मध्ये ना ड्रायव्हर सॉफ्टवेअर, ना अपडेट. एलईडीच्या जागी ट्रान्झिस्टर आणि रिले (विजेने चालणारा स्विच) लावा, कुंड्यांना पाणी घालणारा छोटा पंपही यावर चालेल. पण मला खरा उपयोग दिसतो तो शिकवण्यात. अख्खं यंत्र एका माणसाला समजेल एवढंच आहे. इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्कच्या नॅशनल म्युझियम ऑफ कम्प्युटिंगमध्ये मुलं बीबीसी मायक्रो या त्याच काळातल्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहितात, ते उगाच नाही.

आपल्या कीबोर्डसमोरही आता एक मुलगी बसली आहे. १ दिला, पहिला दिवा लागला. २ दिला, पहिला विझून दुसरा लागला.

दोन्ही एकदम लावायचे असतील तर?

ती क्षणभर थांबते. बोट ३ वर जातं. रिटर्न.