कागदी हरिकेनच्या बरगड्या

(दृश्य: खिडकीबाहेर पाऊस. टेबलावर कटिंग मॅट, स्टीलची पट्टी, छापलेले ए४ कागद.)

जुलैत मुंबईत मीठ ओलं होतं, पापड मऊ पडतो आणि कागद फुगतो. मिठात चार तांदूळ टाकून भागतं. पण ज्या कागदातून विमान उभं करायचं तो फुगला, की एका पानावरचा भाग दुसऱ्या पानावरच्या भागाशी जुळायचं नाव घेत नाही.

विमान आहे हॉकर हरिकेन, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान. आराखडा सिडनी कॅम यांचा, पहिलं उड्डाण ६ नोव्हेंबर १९३५ चं. १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखालची भारतीय हवाई दलाची क्रमांक १ ची स्क्वाड्रन हीच विमानं उडवत होती.

खऱ्या हरिकेनचे पंख टोकापासून टोकापर्यंत १२.१९ मीटर. कागदी विमानांत १:३३ हे प्रमाण रूढ आहे, त्या हिशेबाने ३७ सेंटिमीटर होतात. घरात तेवढीही जागा नसेल तर १:४८ करावं, म्हणजे पानं ६८.७५ टक्क्यांवर छापायची. मात्र पुठ्ठा काही आपोआप पातळ होत नाही. मूळ आराखड्यात १ मिलिमीटरचा असेल, तर इथे ०.७ चा घ्यायचा. नाहीतर एकही खाच बसत नाही.

(दृश्य: अब्दुल रेहमान स्ट्रीट, कागदाची दुकानं.)

कागद १६० ते १७० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला इतक्या ग्रॅम वजनाचा), मॅट. चकचकीत आर्ट कार्ड दिसायला छान, पण वळवताना तडकतं. सगळी पानं एकाच दिवशी, एकाच मशीनवर, ‘ॲक्च्युअल साइज’मध्ये छापून घ्यावीत. एखाद्या पानाला ‘फिट टू पेज’ लागलं तर तेवढंच पान किंचित आक्रसतं आणि चूक कळते ती थेट पंख जोडताना.

छापण्याआधी ग्रेन तपासायची, म्हणजे तंतूंची दिशा. कागदाचा छोटा तुकडा एका बाजूने ओला करा. तो वळून नळी होईल. नळीची लांबी ज्या दिशेला, त्या दिशेला तंतू. दमट हवेत तंतू जाडीत फुगतात, लांबीत फारसे नाहीत. त्यामुळे धडाच्या भागांत ग्रेन नाकाकडून शेपटीकडे हवी आणि पंखांत मुळापासून टोकाकडे. मग कागद गोल वळतोही सहज.

(दृश्य: पुठ्ठ्याचे गोल तुकडे, सँडपेपर.)

धडाच्या आत आडवे फॉर्मर, म्हणजे धडाला आकार देणाऱ्या चकत्या, बसतात, १ मिलिमीटर पुठ्ठ्याचे. बहुतेक विमानं इथेच बिघडतात. फॉर्मर रेघेच्या बाहेरून कापला आणि सगळीकडे फक्त ०.२ मिलिमीटर मोठा राहिला, तरी त्याचा घेर सव्वा मिलिमीटरने वाढतो. वरचा कागद तेवढाच कमी पडतो आणि पोटाखाली फट राहते. कागद ओढून फट मिटवली, तर प्रत्येक फॉर्मर बाहेरून उठून दिसतो. उपाशी घोड्यासारख्या बरगड्या! म्हणून फॉर्मर रेघेच्या आतून कापायचा, सँडपेपरने घासायचा, कोरडाच बसवून पाहायचा आणि मगच गोंदाला हात लावायचा.

हरिकेनमध्ये एक गंमत आहे. कॉकपिटच्या मागचं धड खऱ्या विमानातही कापडाचं होतं, लाकडी पट्ट्यांवर ताणलेलं. तिथे लांबीच्या दिशेने उंचवटे दिसायलाच हवेत. शाई संपलेल्या रिफिलने कागदाच्या मागून, पट्टी धरून, रेघा दाबा. आडव्या बरगड्या दिसल्या की काम फसलं, उभ्या दिसल्या की हरिकेन जमलं.

गोंद दोन. पुठ्ठ्याच्या सांगाड्याला फेविकॉल, टूथपिकच्या टोकाने, पातळ. त्यात पाणी असतं, म्हणून वरच्या कागदाला तो चोपडायचा नाही. तिथे पाणी नसलेला पारदर्शक गोंद. घरची खळ तर नकोच, तिला कसर लागते.

कापलेली पांढरी कड जोडण्याआधी जलरंगाने रंगवावी, ब्रश जवळजवळ कोरडा ठेवून. स्केचपेन पुढच्या बाजूला फुटतो.

(दृश्य: पंख, विणकामाची सुई.)

पंखाची पुढची कड घडी घालून टोकदार करू नका, विणकामाच्या सुईवरून गोल वळवा. मागची कड मात्र धारदार हवी. हरिकेनच्या पंखांचा मधला भाग सपाट असतो आणि बाहेरचे भाग थोडे वर उचललेले. पुठ्ठ्याचा स्पार, म्हणजे पंखांना आतून आधार देणारी लांब पट्टी, धडातून आरपार घाला, दोन्ही टोकांखाली सारख्या उंचीच्या काड्यापेट्या रचा आणि रात्रभर तसंच ठेवा. पावसाळ्यात दोन रात्री. टोकांच्या उंचीत १ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर लांबूनही कळतो.

नाकाची टोपी पाकळ्यांची असते. तिच्यासाठी दोन जास्तीच्या प्रती छापून ठेवा, लागतातच. चाकं पुठ्ठ्याच्या चकत्या एकावर एक चिकटवून आणि घासून होतात. कॉकपिटची काच ओएचपी शीटची, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची. तिथे सुपरग्लू वापरला तर वाफेने ती आतून पांढुरकी होते.

चिन्हांकडेही लक्ष हवं. युरोपातल्या हरिकेनच्या गोल ओळखचिन्हात मध्ये लाल ठिपका होता. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, जपानी चिन्हाशी गोंधळ नको म्हणून, लाल रंग काढून टाकला होता. इंफाळचं विमान करायचं तर लाल ठिपका छपाईआधीच फाइलमधून घालवा.

(दृश्य: काचेच्या पेटीत तयार विमान.)

मॅट वार्निशचे दोन हलके हात कोरड्या दिवशी मारावेत. दमट हवेत वार्निशवर पांढरट झाक येते, ती पुसून जात नाही. मग विमान झाकणाच्या पेटीत ठेवायचं, कोपऱ्यात सिलिका जेलची पुडी. निळे दाणे गुलाबी झाले की पुडी बदलायची.