चार रविवार आणि मूठभर नाचणी

नोव्हेंबरच्या अखेरीस वसईच्या पट्ट्यात भाताची झोडणी आटोपलेली असते. खळ्याच्या कडेला पेंढ्याच्या उडव्या उभ्या असतात, केळीच्या वाड्यांमध्ये पहाटे पानापानावरून दव टपकत असते आणि त्या अर्धवट अंधारात पहिल्या मिस्सेसाठी, म्हणजे रविवारच्या उपासनेसाठी, माणसे चर्चच्या वाटेला लागतात. वरवर पाहता हा रविवार इतर रविवारांसारखाच वाटतो. आत गेल्यावर मात्र काही गोष्टी बदललेल्या दिसतात. सामान्य काळात धर्मगुरूंच्या अंगावर असणाऱ्या हिरव्या वस्त्राच्या जागी आज जांभळे वस्त्र आहे. वेदीवरची फुले कमी झाली आहेत. एरवी रविवारी गायले जाणारे ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत आज गायले जात नाही, आणि मधल्या एखाद्या मोठ्या सणाचा अपवाद सोडला, तर ते आता नाताळच्या रात्रीच्या मिस्सेतच पुन्हा ऐकू येईल. वेदीच्या बाजूला हिरव्या डहाळ्यांचे एक कडे ठेवलेले आहे, त्यात चार मेणबत्त्या उभ्या आहेत आणि त्यांपैकी एकच पेटवली जाते.

हा आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार आहे. चर्चचे उपासना वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ते आज, या एका मेणबत्तीपासून सुरू होते.

आगमनकाळाची तारीख दरवर्षी बदलते, पण तिचा हिशेब ईस्टरइतका अवघड नाही. ईस्टरसाठी चंद्राकडे पाहावे लागते, इथे केवळ नाताळपासून मागे चार रविवार मोजायचे असतात. हा पहिला रविवार ३० नोव्हेंबर या संत आंद्रियाच्या सणाच्या सर्वांत जवळचा रविवार ठरतो, त्यामुळे तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या सात दिवसांतच येतो. २०२२ मध्ये तो २७ तारखेला आला आणि आगमनकाळ पूर्ण २८ दिवसांचा झाला. २०२३ मध्ये तो ३ डिसेंबरला आला आणि तयारीला २२च दिवस मिळाले. चौथा रविवार त्या वर्षी २४ डिसेंबरलाच होता, म्हणजे सकाळी चौथी मेणबत्ती आणि रात्री नाताळ.

शब्दांकडेही थोडे पाहायला हवे. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगिजांनी या किनाऱ्यावर आणला. १५३४ च्या तहाने वसई त्यांच्याकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. सत्ता गेली, शब्द मात्र राहिले. ‘मिस्सा’ आणि ‘पाद्री’ हेही त्यांपैकीच. ‘आगमनकाळ’ हा शब्द मात्र आपल्या घडणीचा आहे. लॅटिनमधील ‘आदव्हेंतुस’ या शब्दाचा अर्थही ‘येणे’ असाच आहे. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लॅटिनऐवजी मराठीत होऊ लागली. चतुर्थीच्या आधी आठ-पंधरा दिवस मखराच्या खटपटीत असणाऱ्या कोकणाला ‘आगमनाची तयारी’ म्हणजे काय, हे कुणी समजावून सांगण्याची गरज नाही.

या तयारीचे मूळ उपवासात आहे. पाचव्या शतकात, आजच्या फ्रान्समधील तूर या नगरीचे बिशप पर्पेत्युअस यांनी ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास करावा, असा नियम घालून दिला. रोममध्ये या काळाचा भर प्रायश्चित्तापेक्षा प्रतीक्षेवर अधिक राहिला. हे दोन्ही स्वभाव आजच्या आगमनकाळात एकत्र नांदताना दिसतात. रंग ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचाच जांभळा असतो, पण त्या उपवासकाळात गाळला जाणारा ‘आलेलुया’ हा स्तुतिघोष इथे गायला जातो. आणि तिसऱ्या रविवारी तर वस्त्राचा रंगच गुलाबी होतो, कारण त्या दिवसाचे लॅटिन नाव ‘गौदेते’ असे आहे, ज्याचा अर्थ ‘आनंद करा’. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये उपवास अधिक कडक असतो आणि तो १५ नोव्हेंबरपासून चाळीस दिवस चालतो. केरळातील सिरियन ख्रिस्ती १ डिसेंबरपासून पंचवीस दिवसांचा नोयंबु पाळतात. कोकणातल्या कॅथलिक घरांत मात्र आज असा सलग उपवास फारसा दिसत नाही. गंमत अशी की, याच सुमारास मार्गशीर्ष सुरू होतो आणि गुरुवारी शेजारच्या घरांत मासळी वर्ज्य होते. त्यामुळे आगमनकाळात उपवास कुणाचा, असे विचारले, तर बऱ्याच वाड्यांत उत्तर शेजारणीचे येईल.

मेणबत्त्यांचे कडे त्या मानाने अगदी अलीकडचे आहे. हॅम्बुर्ग येथे अनाथ आणि गरीब मुलांसाठी आश्रम चालवणारे योहान हिनरिक विखेर्न हे प्रोटेस्टंट पाळक होते. नाताळ कधी येणार, हे मुलांना रोज दिसावे, म्हणून १८३९ मध्ये त्यांनी गाडीचे एक लाकडी चाक टांगले आणि त्यावर रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या व इतर दिवसांसाठी लहान लाल मेणबत्त्या लावल्या. पुढे लहान मेणबत्त्या गळाल्या, चार उरल्या. चाकाचे हिरवे कडे झाले आणि विसाव्या शतकात जर्मनीतील कॅथलिक चर्चांनीही ते स्वीकारले. तिकडे कड्याला सूचिपर्णी झाडांच्या फांद्या लागतात. इथल्या किनाऱ्यावर सुरूची बने आहेत आणि सुरूची डहाळी त्या कामाला पुरेशी पडते, फक्त ती लवकर सुकते, त्यामुळे दुसऱ्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी कुणीतरी सायकलवरून नवा भारा आणतो.

प्रोटेस्टंटांचा विषय निघालाच आहे, तर एक विसंगती नोंदवायला हवी. स्कॉटिश मिशनरी १८२३ मध्ये बाणकोटला आले, आणि हे ज्या परंपरेतून आले, तिला नाताळचेच सोयरसुतक नव्हते, मग त्याच्या तयारीचे कुठून असणार? स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ मध्ये सुरू झाली. पुढे अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ नागपूर येथे स्थापन झाले, त्याची तारीख होती २९ नोव्हेंबर १९७०. त्या वर्षीच्या आगमनकाळाचा तो पहिला रविवार होता.

चर्चमधून घरी आल्यावर हा काळ हाताच्या कामांत उतरतो. असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो या गावी जिवंत बैल आणि गाढव आणून ख्रिस्तजन्माचा देखावा उभा केला होता. त्याचाच वारसा सांगणारा गोठा आता इथे अंगणात उभा राहतो आणि त्याला पेंढा लागतो तो याच हंगामातला, उडवीतून ओढून काढलेला. बांबूच्या कामट्या तासून, त्यांना पतंगाचा कागद चिकटवून चांदणी तयार होते. सर्वांत नाजूक काम असते ते नाचणीचे. मूठभर नाचणी रात्रभर भिजवून फडक्यात बांधतात, मोड फुटले की परातीत मातीचा पातळ थर देऊन त्यावर ती पसरतात आणि दिवसातून दोनदा नुसते पाणी शिंपडतात. सुरुवातीला सावलीत ठेवल्याने पाती पिवळसर निघतात, उन्हात आणल्यावर ती हिरवी होतात आणि गोठ्यासमोरचे कुरण तयार होते. मेंढ्या, मेंढपाळ, मरिया आणि योसेफ आधीपासून जागेवर असतात, गव्हाण मात्र चोवीसच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवली जाते. एखादे शेंडेफळ बाळाची मूर्ती कपाटातून काढून आधीच गव्हाणीत ठेवते आणि आजी ती मुकाट्याने परत नेऊन ठेवते, हे घरोघरचे आहे.

स्वयंपाकघरात ‘कलकल’ हा गोड पदार्थ वळायला डिसेंबरच्या मध्याला सुरुवात होते. मैदा, रवा आणि नारळाचे दूध एकत्र मळून त्याच्या सुपारीएवढ्या गोळ्या करतात. प्रत्येक गोळी काट्याच्या पाठीवर किंवा खास त्यासाठीच ठेवलेल्या नव्या कंगव्याच्या दात्यांवर दाबून पसरतात आणि एका टोकाकडून गुंडाळत नेतात, म्हणजे शिंपल्यासारखी रेघोटी उमटते. तळून, पाकात घोळवून डबा भरला की झाकण घट्ट लावून तो वरच्या फळीवर जातो. नाताळच्या अशा सगळ्या फराळाला गोव्याकडे आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळ कॅथलिक समाजाच्या, घरांत ‘कुसवार’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज ‘कोन्सोआदा’वरून आला असे मानले जाते, आणि ‘कोन्सोआदा’ म्हणजे मुळात उपवासाच्या दिवशी रात्री घ्यायचा हलका आहार. पाकात घोळलेल्या पदार्थाच्या नावात उपवास असा दडून बसला आहे.

बाजाराला मात्र ही प्रतीक्षा मानवत नाही. दिवाळीचे कंदील उतरले की त्याच खिळ्यांना नाताळच्या चांदण्या लागतात आणि दुकानांतून जन्माची गाणी सुरू होतात. नाताळगीते जन्माच्या रात्रीपूर्वी गाऊ नयेत, असा आग्रह धरणारे धर्मगुरू अजूनही आहेत, आणि त्यांचा आग्रह चुकीचा म्हणता येणार नाही. पण गायनवृंदाला सराव तर करावाच लागतो. तेव्हा चर्चच्या मागच्या खोलीत दारे लोटून, पेटीच्या दबक्या सुरावर तो चालतो आणि बाहेर सगळ्यांनाच ऐकू येतो. १६ तारखेला नव्हेना ही नऊ दिवसांची प्रार्थना सुरू होते. १७ ते २३ डिसेंबर या सात संध्याकाळी ख्रिस्ताला सात नावांनी हाक मारणारी प्राचीन लॅटिन वचने म्हटली जातात आणि त्या नावांची आद्याक्षरे उलट क्रमाने वाचली तर ‘एरो क्रास’ अशी अक्षरे जुळतात, म्हणजे ‘उद्या मी असेन’.

हे सारे अजून दूर आहे. आज पहिल्या रविवारची संध्याकाळ आहे, कड्यातली एक मेणबत्ती बोटभर खाली आली आहे आणि बाकीच्या तिघींच्या वाती पांढऱ्याशुभ्र आहेत. नाचणी डब्यातच आहे. ती बारा तारखेच्या आत भिजवायची नाही, कारण आधी पेरली तर पाती नाताळपर्यंत फार उंच होतात आणि मेंढ्यांवर कोलमडतात.