पॅटी रीडचा माग

१८४६ साली कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या ‘डोनर पार्टी’ या तांड्यातली मुलगी पॅटी रीड अमेरिकेच्या १८४० सालच्या जनगणनेत नावाने सापडत नाही. तेव्हा ती दोन वर्षांची होती. इलिनॉय राज्यातल्या स्प्रिंगफील्डकडे तिचं घर होतं. पण त्या काळी शिरगणतीत नाव लिहायचे ते फक्त कुटुंबप्रमुखाचं. बाकी सगळे नुसत्या आकड्यांत: पाच वर्षांखालच्या मुली, इतक्या.

गुलाम नसलेल्या प्रत्येक माणसाचं नाव लिहिलं जाऊ लागलं ते १८५०पासून. तोवर रीड मंडळी कॅलिफोर्नियात, सॅन होजेला पोचली होती. आणि त्या सांता क्लारा काउंटीची १८५०ची पानंच गहाळ झाली. पुढची गणती १८६०ची. तेव्हा पॅटीचं लग्न होऊन काही वर्षं झाली होती, आडनाव लुईस झालं होतं. शिवाय पॅटी हे लाडाचं नाव. कागदोपत्री ती मार्था.

म्हणून तिचा माग काढायचा तर आजोळाकडून निघावं, असं मला ठामपणे वाटतं.

पॅटीची आई मार्गरेट, माहेरची कीज. पहिला नवरा लॉइड बॅकनस्टो वारला, तेव्हा पदरात व्हर्जिनिया ही लेक होती. १८३५ साली मार्गरेटने जेम्स रीडशी दुसरं लग्न केलं. जेम्स मूळचा आयर्लंडचा. १८३२च्या ब्लॅक हॉक युद्धात तो आणि अब्राहम लिंकन एकाच तुकडीत होते. व्हर्जिनियाही पुढे रीड म्हणूनच वाढली. नुसतं आडनाव धरून वंशावळ मांडली, तर तिचा जन्मदाता बाप त्यातून पुसलाच जातो.

एप्रिल १८४६मध्ये रीड कुटुंब बैलगाड्या जोडून पश्चिमेला निघालं. सोबत मार्गरेटची आई सेरा कीज. वय सत्तर, क्षयाने पार खंगलेली. पण एकुलती एक लेक चालली आणि आपण मागे राहायचं, हे तिला कबूल नव्हतं. कॅन्सासमध्ये बिग ब्लू नदीच्या काठी, २९ मे रोजी ती गेली. बरोबरच्यांनी कॉटनवुडचं झाड तोडून शवपेटी केली आणि दगडावर तिचं नाव, तारीख, वय कोरलं. तिच्या कबरीची नेमकी जागा आज सापडत नाही. पण जवळच, अल्कोव्ह स्प्रिंग नावाच्या झऱ्यापाशी, खडकावर कोरलेली जेम्स रीडच्या नावाची अक्षरं अजून वाचता येतात. खाली तारीख आहे, २६ मे १८४६. आजी तेव्हा आणखी तीनच दिवसांची सोबती होती.

पुढचा इतिहास डोनर पार्टीच्या नावाने जगाला माहीत आहे. जवळची म्हणून धरलेली वाट फसली, सिएरा नेवाडा पर्वतरांगेत बर्फाने रस्ता अडवला आणि ८७ जणांतले जवळपास निम्मे दगावले. वाटेत एका भांडणात जेम्सच्या हातून माणूस मेला होता. त्याला तांड्याबाहेर काढलं होतं, म्हणून तो आधीच डोंगरापलीकडे होता.

फेब्रुवारी १८४७मध्ये मदतीची पहिली तुकडी आली. पॅटी आणि तिचा धाकटा भाऊ टॉमी यांना बर्फातून चालवेना, म्हणून दोघांना छावणीत परत धाडायचं ठरलं. पॅटी तेव्हा नुकतीच नऊ वर्षांची होत होती. निघताना ती आईला म्हणाली, ‘‘आई, मी पुन्हा दिसले नाही, तर तू तुला जमेल तेवढं कर.’’ हे बोल व्हर्जिनियाने त्याच वर्षी मामेबहिणीला लिहिलेल्या पत्रात आहेत. पुढे जेम्स दुसरी तुकडी घेऊन पोचला, तेव्हा पॅटी एका झोपडीच्या छपरावर बसली होती. बर्फच तेवढं चढलं होतं.

सुटका झाल्यावर तिने जपलेली चीजवस्तू बाहेर काढली: चार इंचांची लाकडी बाहुली, काचेची इवलीशी मिठाची वाटी आणि आजीच्या करड्या केसांची बट. उपासमारीत तिने सांभाळलं काय, तर आजीचे केस! माझ्या लेखी या घराण्याची पहिली दप्तरदार हीच.

आणि ते काम तिने पुढेही सोडलं नाही. १८५६ साली फ्रँक लुईसशी लग्न झालं, आठ मुलं झाली, १९२३ साली ती वारली. तोवर वडिलांचे कागद तिने जपून ठेवले होते. १८४६च्या प्रवासाची रोजनिशीही त्यांतच मिळाली. हायरम मिलरने ती सुरू केली आणि जेम्सने पुढे चालवली. बाहुली आज सॅक्रामेंटोच्या सटर्स फोर्ट संग्रहालयाच्या ठेव्यात आहे. कागदांच्या संग्रहाला पॅटीचंच नाव आहे, माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही आडनावांसकट: मार्था रीड लुईस.